विवाह आणि बडतर्फी

अविवाहित असताना कामावर घेतलेल्या मुलीने लग्न केले की त्याच दिवशी तिची नोकरी आपोआप संपली असे समजावे, असा नियम मुंबईतील औषधांच्या एका कंपनीत होता. आणि तो रद्द व्हावा म्हणून बॉम्बे लेबर युनियनने मागितलेली दाद औद्योगिक न्यायाधिकरणाने फेटाळल्यामुळे हा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. स्त्रिया तुकडीने काम करतात, हजेरी नियमित हवी आणि विवाहितेच्या गैरहजेऱ्या अधिक, अशी मालकांची कैफियत होती. १९६५ साली ती तपासताना न्यायालयाने विचारले ते असे की, मुलाबाळांमुळे खाडे होतात असे म्हणावे, तर मुले असलेल्या विधवेलाही तीच अडचण नाही काय? राहता राहिली प्रसूतीची रजा. तिची सोय काही जादा स्त्रिया राखीव ठेवून सहज करता येते. नियम रद्द झाला.

पुढे १९८१ मध्ये एअर इंडियाच्या हवाई सुंदरींच्या खटल्यात मात्र हीच स्पष्टता डळमळली, याचे मला आजही वैषम्य वाटते. पहिल्या गर्भारपणाबरोबर बडतर्फी हा भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान होय, असे बजावून न्यायालयाने ती अट मोडीत काढली. परंतु नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करू नये, हे बंधन कुटुंबनियोजनाचा हवाला देऊन कायम ठेवले. संततिनियमनाचा भार एकट्या स्त्रीच्या पोटावर टाकणारा हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही.

लष्करी परिचर्या सेवेतील एका अधिकारी स्त्रीला विवाह केल्याच्या कारणावरून १९८८ मध्ये कमी करण्यात आले. ज्या हुकुमाखाली हे घडले तो १९९५ मध्ये मागे घेतला गेला, पण तिला साठ लक्ष रुपयांची भरपाई देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२४ च्या फेब्रुवारीत. मधली छत्तीस वर्षे, म्हणजे एका माणसाच्या नोकरीचा अवघा काळ, कोणत्या हिशेबात धरायची?

आता असा नियम कोणी कागदावर लिहीत नाही. मुलाखतीला आलेल्या मुलीला तेवढे विचारले जाते, ‘लग्नाचा काय विचार आहे?’ आणि तिच्या उत्तराची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही.