वाफसा तिकडेही लागतोच

आपल्याकडे सोयाबीन पेरायला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हावा लागतो. अमेरिकेच्या मका पट्ट्यात, म्हणजे आयोवा-इलिनॉयकडे, एप्रिलमध्ये पाऊस थांबण्याची वाट बघतात. बर्फ वितळून जमीन आधीच ओली असते. तिला वाफसा यायला हवा आणि मातीचं तापमान १० अंश सेल्सियसच्या आसपास हवं, मग मका पेरायचा. घाई करून ओल्यात यंत्र घातलं तर तासाच्या कडा दाबून घट्ट होतात नि मुळं तिथेच अडतात.

उगवल्यावर धास्ती उशिरा येणाऱ्या हिमतुषाराची. मक्याचा वाढीचा कोंब सुरुवातीचे काही आठवडे जमिनीखालीच असतो, त्यामुळे पानं करपली तरी रोप सावरतं. सोयाबीनचा कोंब उगवतानाच वर येतो. तो गेला की दुबार पेरणी!

कुठे किती पेरलं, किती उगवलं, याचा अहवाल तिथलं कृषी खातं हंगामात दर सोमवारी दुपारी देतं. पिकाची स्थिती ‘अत्यंत वाईट’ ते ‘उत्कृष्ट’ अशा पाच पायऱ्यांत मांडतात. हे बरंचसं स्थानिक जाणकारांच्या नजरअंदाजावर चालतं, तरी शिकागोचा वायदेबाजार त्यावर हलतो.

२०१९ चा वसंत कुणी विसरलेलं नाही. पाऊस हटेना. २६ मेपर्यंत मक्याची जेमतेम ५८ टक्के पेरणी झाली होती. एरवी तोवर ९० टक्के उरकते. सोयाबीन तर २९ टक्क्यांवरच होतं. त्या वर्षी सगळी पिकं धरून १ कोटी ९० लाखांहून अधिक एकर पेरणीविना राहिले.