थेंब आणि बुडबुडे

मागच्या भागात कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवणारा लूप जोडून झाला. पंप, रिझर्व्हॉयर, प्रोसेसरवरचा ब्लॉक, ग्राफिक्स कार्डावरचा ब्लॉक, रेडिएटर आणि या सगळ्यांना बांधणाऱ्या नळ्या, सगळं आपापल्या जागी बसलं. आता पाणी भरायचं. भल्याभल्यांचा हात थरथरतो तो इथेच, कारण महागडं कार्ड आणि पाण्याची नळी यांच्यात अंतर असतं जेमतेम दोन बोटांचं.

पहिल्यांदा लूप भरणारा माणूस बहुधा भलत्याच गोष्टीला घाबरतो. नळीत बुडबुड्यांची माळ दिसली की त्याचा जीव वरखाली होतो; तो नळ्या उपसतो, सगळं पुन्हा जोडतो. आणि फिटिंगच्या कडेला दिसलेली ओल मात्र ‘भरताना सांडलं असेल’ म्हणून पुसून टाकतो. खरं तर बुडबुडे बहुतेक वेळा चार दिवसांत आपोआप निघून जातात. पुसलेली ओल मात्र पुन्हा येते.

गळती समजून घ्यायची तर आधी प्लंबरची सवय विसरायला हवी. घरातल्या नळाला आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळतात, कारण तिथे पाणी आट्यांनीच अडवायचं असतं. कॉम्प्युटरच्या फिटिंगला जी-पाव नावाच्या मापाचे सरळ आटे असतात आणि त्यांचं काम फक्त फिटिंग धरून ठेवण्याचं. पाणी अडवते ती आट्यांच्या मुळाशी बसलेली रबराची ओ-रिंग. टेप गुंडाळली तर फिटिंग सपाट बसत नाही, रिंग सगळीकडून सारखी दबत नाही आणि टेपचे धागे सुटून ब्लॉकच्या केसासारख्या बारीक खाचांत अडकतात. फिटिंग हाताने घट्ट बसेल तेवढंच आवळायचं. पान्ह्याने जोर लावला की रिंग चेंबते. खालचा पोर्ट ॲक्रिलिकचा असेल तर त्याला तडाही जातो.

ताठ नळ्या वापरणाऱ्यांची गळती मात्र अनेकदा करवतीपासून सुरू होते. नळी कापली की तिच्या तोंडाला धार राहते. ती धार दिसत नाही, पण बोट फिरवलं तर नखाला अडकते. अशी नळी फिटिंगमध्ये ढकलली की आतल्या ओ-रिंगवरून रबराची बारीकशी साल निघते, चाकूने काकडीची निघावी तशी. वरून सगळं चकचकीत आणि आत रिंगला खाच. म्हणून कापलेली कड आतून-बाहेरून घासून तिरकी करायची, रिंगला पाण्याचा हात लावायचा आणि मगच नळी सरळ रेषेत आत सरकवायची. नळी एक-दोन मिलिमीटर आखूड पडली म्हणून तिरकी ओढून बसवली, तर ती आज धरते आणि पाणी गरम झाल्यावर सोडते.

पाणी ओतण्याआधी हवेची परीक्षा घ्यावी. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो. इथे कॉम्प्युटर बुडवता येत नाही, म्हणून लूपला छोटा हातपंप आणि दाबमापक जोडतात. ॲक्वा कॉम्प्युटर या जर्मन कंपनीच्या अशा साधनाचं नावच ‘डॉ. ड्रॉप’ आहे. दाब साधारण अर्धा बार पुरे. सायकलच्या ट्यूबमध्ये याच्या कितीतरी पट असतो, पण रिझर्व्हॉयर म्हणजे सायकलची ट्यूब नव्हे. दहा-पंधरा मिनिटं काटा हलला नाही तर पाणी ओतायला हरकत नाही. सुरुवातीला काटा किंचित उतरून थांबला तर घाबरू नये. दाबलेली हवा थोडी तापते आणि मग निवते. काटा उतरतच राहिला तर लूपचे दोन भाग करायचे, मधली तोंडं बुचांनी बंद करायची आणि एकेक भाग तपासायचा. दोन-तीन खेपांत चोर सापडतो.

मग पाणी. या वेळी वीज फक्त पंपाला द्यायची. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाच्या वायरी काढून ठेवायच्या. पॉवर सप्लाय एकटा चालू करायला त्याच्या चोवीस पिनांच्या कनेक्टरवरची सोळावी आणि सतरावी पिन जोडतात. जुन्या सप्लायमध्ये ती हिरवी आणि शेजारची काळी वायर. स्वीच बंद असतानाच हे करायचं. प्रत्येक फिटिंगखाली पांढऱ्या टिश्यूचा तुकडा ठेवायचा आणि पंप रात्रभर चालू द्यायचा. टिश्यूवर रुपयाएवढा डाग दिसला की बोट थेट त्याच्या वरच्या फिटिंगवर जातं.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात हमखास एक शंका निघते: ही ओल म्हणजे हवेतल्या वाफेचं झालेलं पाणी तर नसेल? थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तसा? नाही. अशा लूपमधलं पाणी खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही, कारण रेडिएटर उष्णता खोलीच्याच हवेला देतो. नळीवर थेंब दिसला तर तो आतूनच आला.

गळती चालू यंत्रात सापडली तर आधी भिंतीवरचं बटण बंद करायचं, मग पुसापुशी. डिस्टिल्ड वॉटरमधून वीज फारशी वाहत नाही हे खरं. पण बोर्डावरची धूळ आणि क्षार त्यात मिसळले की ते डिस्टिल्ड राहत नाही. भिजलेला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्यावा. तेच अल्कोहोल ॲक्रिलिकला लावू नये, त्याने बारीक तडे जातात.

गळती फक्त घरगुती जोडणीतच होते असंही नाही. ॲपलने 2004 मध्ये 2.5 गिगाहर्ट्झचा पॉवर मॅक जी-5 कारखान्यातूनच द्रवाने थंड होणारा असा काढला. काही वर्षांनी त्यातल्या काही यंत्रांत द्रव झिरपला आणि आतल्या भागांना गंज चढला. अशी गळती टपकत नाही. गरम धातूवर थेंब वाळतो आणि फिटिंगभोवती पांढरट-हिरवट कड तेवढी उरते. महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन ती कड शोधावी.

आता बुडबुडे. शेतातल्या मोटारीत हवा राहिली की ती नुसती फिरते, पाणी उचलत नाही; म्हणून आधी तिच्यात पाणी भरून घेतात. इथला पंपही त्याच जातीचा. लोकप्रिय डी-5 पंपाचा फिरता भाग एका गोळीवर तोललेला असतो आणि त्याला वंगण म्हणून लूपचंच पाणी लागतं. त्यामुळे रिझर्व्हॉयर पंपाच्या वर हवा आणि भरताना पंप काही सेकंद चालवून बंद करायचा, पाण्याची भर घालायची, पुन्हा चालवायचा. कॅबिनेट हळूच पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलवलं की रेडिएटरच्या कोपऱ्यात दडलेली हवा गडगडत बाहेर येते.

दुसऱ्या दिवशी नळीच्या आत मोहरीएवढे बुडबुडे चिकटलेले दिसतात. ते पाण्यातूनच निघालेले असतात. लिटरभर पाण्यात 20 अंशांना सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 40 अंशांना साधारण साडेसहा. उरलेला बाहेर पडणारच. चहाचं आधण उकळण्याआधी पातेल्याच्या तळाशी जे मणी जमतात, तेच हे. ते निघून गेले की रिझर्व्हॉयरची पातळी थोडी उतरते आणि लोक गळती शोधत बसतात. थोडी भर घालावी, पण काठोकाठ नको. 20 वरून 40 अंशांवर जाताना लिटरभर पाणी 6 मिलिलिटरने फुगतं आणि त्याला वर हवेची जागा लागते.

रिझर्व्हॉयरमध्ये भोवरा पडून पंपात हवा ओढली जात असेल, तर पंपाचा वेग कमी करून बघावा. तरीही महिनाभर बुडबुडे येतच राहिले तर मात्र पंपाच्या आधीच्या फिटिंगवर संशय घ्यावा. तिथे पंप पाणी खेचत असल्याने दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होऊ शकतो. सैल फिटिंगमधून मग पाणी बाहेर न येता हवा आत शिरते, टिश्यू कोरडाच राहतो आणि माणूस निर्धास्त होतो. ती गळती दिसायची असेल तर पंप बंद करून टिश्यू रात्रभर तिथेच ठेवायचा आणि सकाळी बघायचा.

पुढच्या आठवड्यात: सहा महिन्यांनी पाणी हिरवट का होतं, आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर तांब्याच्या ब्लॉकशी का जमवून घेत नाही.