कॅमेऱ्याचा पावसाळा एप्रिलमध्येच लागतो
(जुन्या वस्तूंची निगा : लेखांक ९)

दमट हवेचा विषय निघाला की नागपूरकर मुंबईकडे बोट दाखवतो. मे महिन्याच्या दुपारी इथली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते, मग कॅमेऱ्याला बुरशी लागेलच कशी? तरी गांधीबाग, इतवारी, महाल भागातल्या कपाटांतून एखादा अग्फा क्लिक थ्री, याशिका किंवा रशियन झेनिट बाहेर निघतो आणि भिंगात पांढरे तंतू दिसतात. दोष पावसाला दिला जातो. पावसाचा वाटा आहेच, पण माझ्या मते पहिला आरोपी कूलर.

४२ अंशांची कोरडी हवा ओल्या खसच्या ताट्यांतून ओढली की पाण्याची वाफ होते. त्यात उष्णता खर्च होऊन हवा गार होते, पाणी मात्र हवेतच राहतं. खोलीत तापमान ३० अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ६०-७० टक्के. बुरशीला हेच तर हवं असतं! गांधीबागेतली जुनी घरं एकमेकांना खेटून उभी. हवा बाहेर पडायला वाट नसली की ओल आणखी साठते. कूलर बंद होतो न होतो तोच पाऊस. एप्रिल ते सप्टेंबर असा सलग मुक्काम बुरशीला मिळतो.

तिचं खाणंही साधं असतं. बोटांचा तेलकटपणा, धूळ, भिंगाच्या कड्यातलं ग्रीस. गांधीबागेतल्या कापडाच्या ठोक बाजारात हवेत सुताचे बारीक तंतू उडत असतात, त्यांचीही भर. बुरशी वाढताना आम्ल सोडते आणि ते भिंगावरचा लेप खातं. म्हणून तंतू पुसले तरी काही वेळा त्यांची नक्षी काचेवर उरतेच. बुरशी थोडी असेल तर फोटोत फारसा फरक पडत नाही; प्रकाशाकडे तोंड करून काढलेला फोटो मात्र फिकट, धुरकट येतो.

तपासणी घरी करता येते. शटर ‘बी’वर ठेवून उघडं धरायचं, छिद्र पूर्ण उघडायचं आणि मागून टॉर्च मारून भिंगाकडे तिरकं पाहायचं. धुळीचे ठिपके सुटे दिसतात, बुरशीला फांद्या फुटलेल्या असतात. आत फिल्म असेल तर हा उद्योग करू नका.

बुरशी सापडली की आपल्याकडचा आवडता उपाय म्हणजे गच्चीवर ऊन दाखवणं. पापडाला चालतं, कॅमेऱ्याला नाही. मेच्या उन्हात धातू इतका तापतो की ग्रीस पातळ होऊन छिद्राच्या पात्यांवर उतरतं, जोडभिंगांमधला डिंक सुटू लागतो. झोर्कीसारख्या कॅमेऱ्यात कापडी शटरपुढे आरसा नसतो. झाकण न लावता भिंग सूर्याकडे राहिलं तर पडद्याला चक्क भोक पडतं. तांदळाच्या डब्याचा उपायही सोडा, पीठ आत जातं. डांबराच्या गोळ्यांची वाफ काचेवर बसते. आणि चामड्याचं कव्हर, ज्यात आपण कॅमेरा जपून ठेवतो, ते तर ओल धरून ठेवणारं आणि स्वतःच बुरशी पोसणारं. कव्हर वेगळं ठेवा.

पुराची गोष्ट निराळी. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठची घरं पाण्यात गेली. अशा गढूळ पाण्यातून निघालेला कॅमेरा चालतो का हे पाहायला शटर दाबू नये. गाळाचे कण चाकांत फिरतात. आधी बॅटरी काढायची, बाहेरचा चिखल ओल्या फडक्याने टिपायचा आणि लगेच कारागिराकडे न्यायचा. आतली भिजलेली फिल्म वाळू द्यायची नाही. जिलेटिनचा थर वाळताना वेटोळी एकमेकांना चिकटतात, म्हणून ती अंधारात काढून, ओली ठेवूनच धुवायला द्यावी.

रोजच्या जपणुकीला रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिक डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक पुरे. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहावा. सिलिका ढीगभर घालून हवा पार कोरडी करणंही बरं नाही. चामडं तडकतं, फिल्म कडक होते. महिन्याकाठी कॅमेरा बाहेर काढून शटर सगळ्या वेगांवर दाबावं, म्हणजे आतलं वंगण एका जागी बसत नाही. वापर नसेल तेव्हा बॅटरी काढलेलीच बरी.

सिलिका जेलचे निळे खडे गुलाबी झाले की त्यांनी पोटभर पाणी प्यायलं असं समजायचं. ते पुन्हा वाळवायला ११०-१२० अंश लागतात. त्यासाठी नागपूरचा मेही अपुरा पडतो. मंद आचेवर जुन्या तव्यावर निळे होईपर्यंत ठेवा. निळ्या रंगात कोबाल्ट असतं, तेव्हा तो तवा पुन्हा पोळीला वापरायचा नाही.