पाटीवरचे ‘इन केस ऑफ’



आपले चाकण कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहेच, पण आता ते कारखान्यांसाठीही प्रसिद्ध आहे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना निघाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्यालाच आपण एमआयडीसी म्हणतो. मग चिंचवड, आकुर्डी, भोसरी करत करत कारखाने इंद्रायणी ओलांडून आपल्याकडे आले. १९९९ साली बजाजचा आणि २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. कारखाने आले तशा पाट्याही आल्या, आणि पाट्यांबरोबर इंग्रजी आले.

या पाट्यांवर एक शब्दसमूह फार वेळा दिसतो. तो म्हणजे ‘इन केस ऑफ’. इन केस ऑफ फायर, इन केस ऑफ इमर्जन्सी, इन केस ऑफ ॲक्सिडेंट! दिसायला तीन छोटे शब्द, पण त्यांच्यावाचून पाटीचा अर्थच लागत नाही. म्हणून त्याविषयी थोडी माहिती लिहिते.

केस कोणता?

केस म्हटले की आपला हात आधी डोक्याकडे जातो. तो केस हा नव्हे! कोर्टात चालते ती केस आणि दवाखान्यात येते ती केस, या दोन्ही मात्र याच्या जवळच्या आहेत. इंग्रजीतला हा शब्द जुन्या लॅटिन भाषेतून आला. तिथे मूळ शब्दाचा अर्थ ‘पडणे’ असा आहे. मराठीतही आपण ‘वेळ पडली तर’, ‘प्रसंग पडला तर’ असेच म्हणतो की नाही? म्हणजे केस म्हणजे येऊन पडलेला प्रसंग. (सूटकेसमधला केस मात्र निराळा. तो पेटी या अर्थाच्या दुसऱ्या लॅटिन शब्दावरून आला.)

१) इन केस ऑफ

याच्यापुढे नाम येते, पूर्ण वाक्य येत नाही. ‘इन केस ऑफ फायर’ बरोबर. ‘इन केस ऑफ देअर इज अ फायर’ चूक.

मराठीत यासाठी आपल्याकडे सुंदर सोय आहे. क्रियापदाला ‘ल्यास’ जोडायचे, की झाले काम! इन केस ऑफ फायर म्हणजे आग लागल्यास. इन केस ऑफ ॲक्सिडेंट म्हणजे अपघात झाल्यास. इंग्रजीला तीन शब्द लागतात, तिथे मराठीचे ‘ल्यास’ एवढ्यावर भागते.

२) इन केस

यात ‘ऑफ’ नाही. याच्यापुढे पूर्ण वाक्य येते. याचा अर्थ शब्दकोशापेक्षा मला आमच्या आजीच्या बोलण्यात सापडला. आम्ही वडिलांना दादा म्हणतो. त्यांच्या डब्यात आजी रोज एक भाकरी जास्त घालते. दादा म्हणतात, “आई, कशाला उगाच?” आजी म्हणते, “असू दे रे. न जाणो, ओव्हरटाइम लागला तर!”

हे ‘न जाणो’ म्हणजेच इंग्रजीतले ‘इन केस’. टेक वन मोअर भाकरी इन केस यू हॅव ओव्हरटाइम.

इथे एक गंमत ध्यानात ठेवा. पाऊस अजून यायचा असतो, तरी इंग्रजीत ‘इन केस इट रेन्स’ म्हणतात, ‘इट विल रेन’ म्हणत नाहीत. बोलणे पुढचे, पण क्रियापद वर्तमानकाळाचे. त्यात हसण्यासारखे काही नाही. आपणही ‘पाऊस आला तर’ म्हणतो. पाऊस यायचाय अजून आणि आपण म्हणतो ‘आला’! दोन्ही भाषांची रीत आपापली.

३) ‘इफ’ आणि ‘इन केस’ यांत फरक

पुष्कळांना दोन्ही एकच वाटतात. ही दोन वाक्ये पाहा.

आय विल टेक ॲन अम्ब्रेला इफ इट रेन्स. म्हणजे पाऊस आला तर छत्री घेईन, नाही आला तर नाही घेणार.

आय विल टेक ॲन अम्ब्रेला इन केस इट रेन्स. म्हणजे छत्री आत्ताच घेते, न जाणो पाऊस आला तर.

कारखान्यात, पेट्रोल पंपावर वाळूने भरलेल्या लाल बादल्या टांगलेल्या असतात. आग लागल्यावर वाळू आणायला पळणे हे झाले ‘इफ’. वाळू आधीच भरून ठेवणे हे झाले ‘इन केस’. ‘इन केस’मध्ये माणूस आधीपासून तयारीत असतो.

मात्र ‘इन केस’ वाक्याच्या अगदी सुरुवातीला आले, तर पुष्कळदा त्याचा अर्थ नुसता ‘जर’ असाच होतो. उदाहरणार्थ, इन केस यू आर लेट, टेल द टीचर. उशीर झाला तर बाईंना सांगा.

४) याच घरातले आणखी दोघे

इन दॅट केस म्हणजे तसे असेल तर. इन एनी केस म्हणजे काहीही झाले तरी.

आता पाट्या वाचू

इन केस ऑफ फायर, डू नॉट यूज लिफ्ट. आग लागल्यास लिफ्ट वापरू नका. कारण वीज गेली तर लिफ्ट मध्येच अडकते आणि धूर आत भरतो. जिन्यानेच उतरायचे.

इन केस ऑफ इलेक्ट्रिकल फायर, डू नॉट यूज वॉटर. विजेमुळे आग लागल्यास पाणी मारू नका. पाण्यातून विजेचा धक्का बसतो. एरवी आग म्हटले की आपण पाणीच आठवतो, म्हणून ही पाटी नीट वाचली पाहिजे.

इन केस ऑफ कॉन्टॅक्ट विथ आइज, रिन्स विथ वॉटर. डोळ्यांत गेल्यास पाण्याने धुवा. असा मजकूर रसायनांच्या पिंपांवर असतो. डोळे निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवायचे आणि मग डॉक्टरांकडे जायचे. जाताना त्या पिंपावरचे नाव लिहून न्यायचे. कांद्यावर फवारायच्या औषधाची बाटली असेल तर बाटलीच सोबत न्यायची, म्हणजे डॉक्टरांना उपचार करायला सोपे जाते.

बघा, प्रत्येक पाटीचे दोन भाग आहेत. ‘इन केस ऑफ’चा भाग ‘केव्हा’ ते सांगतो. उरलेला भाग ‘काय करायचे’ ते सांगतो. ‘केव्हा’ कळले नाही, तर ‘काय’ कळून उपयोग नाही, उलट घोटाळाच होतो.

असा घोटाळा माझ्या मैत्रिणीच्या काकांचा झाला. ते एका कंपनीत नवीनच लागले होते. एका दारावर इंग्रजीत लिहिले होते, ‘ओपन दिस डोअर ओन्ली इन केस ऑफ इमर्जन्सी’. काकांना ‘ओपन’ कळले, ‘डोअर’ कळले. चहाच्या सुट्टीत त्यांनी दार ढकलले आणि भोंगा वाजला. सगळी शिफ्ट काम टाकून बाहेर! साहेब चारचौघांत नको नको ते बोलले. काका दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाहीत.

मला वाटते, यात काकांना हसण्यासारखे काही नाही. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झाले. त्या वेळचे शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे आपल्याच पिंपरी-चिंचवड भागातले होते. त्याआधी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. म्हणजे सातवी करून शाळा सोडलेल्या माणसाला इंग्रजी मिळाले तीनच वर्षे. त्यात एबीसीडी शिकायची, स्पेलिंगे पाठ करायची, की ‘इन केस ऑफ’ शिकायचे?

आणि दारावर मराठीची एक ओळ का नव्हती, हेही विचारले पाहिजे. १९४८ च्या कारखाना कायद्यातले ३८ वे कलम आगीच्या वेळच्या खबरदारीचे होते. बाहेर पडायचा रस्ता सर्व कामगारांना माहीत असावा, असे त्यात म्हटले होते. १०८ व्या कलमात म्हटले होते, की या कायद्याने लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असाव्यात. दोन्ही भाषांत! कायदे पुढे बदलतात, पण ही गोष्ट शहाणपणाचीच आहे. आपल्याकडे बीड, लातूर, नांदेडहून माणसे येतात, तशी बिहार आणि उत्तर प्रदेशातूनही येतात. म्हणून मराठी हवी, हिंदीही हवी.

तोपर्यंत आपण काय करावे? पालकांनो, कामावरच्या ज्या पाटीचा अर्थ लागत नाही, ती कागदावर जशीच्या तशी उतरवून घरी आणा. अक्षरे वाकडी आली तरी चालतील. मित्रमैत्रिणींनो, तो कागद बाईंना किंवा गुरुजींना दाखवा, अर्थ मराठीत लिहून घ्या आणि संध्याकाळी घरी वाचून दाखवा. विचारण्यात कमीपणा नाही. भोंगा वाजल्यावर विचारण्यापेक्षा आधी विचारलेले बरे. न जाणो!

सोडवून पाहा

गाळलेल्या जागी ‘इन केस’ की ‘इन केस ऑफ’?

अ) कीप अ टॉर्च ——— द लाइट गोज.
आ) ——— फायर, कॉल १०१.
इ) ——— ॲक्सिडेंट, कॉल १०८.

उत्तरे : अ) इन केस (पुढे वाक्य आहे). आ) आणि इ) इन केस ऑफ (पुढे नाम आहे). १०१ हा अग्निशमन दलाचा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर आहे. घाबरून यातले काहीच आठवले नाही, तर ११२ लावा. हे तिन्ही नंबर घरातल्या लहान भावंडांकडूनही पाठ करून घ्या.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी