ऐकू येणारा रक्तप्रवाह

कर्करोगामुळे गालाचा भाग काढावा लागला, तर मांडीवरची त्वचा व मांस रक्तवाहिन्यांसह घेऊन तेथे बसवता येते. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली मानेतील वाहिन्यांना जोडतात. खरी कसोटी पुढच्या दोन-तीन दिवसांत लागते. जोडावर रक्ताची गुठळी झाली आणि काही तासांत ती काढली नाही, तर बसवलेला भाग मरतो.

म्हणून त्वचेचा रंग व ऊब पाहण्याच्या जोडीला डॉप्लर यंत्र वापरतात. त्वचेवर टेकवलेल्या शलाकेतून ८० लाख हर्ट्झचा, म्हणजे आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी आत जातो. वाहत्या रक्तपेशींवरून परतताना त्याची वारंवारता बदलते. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढी वाटते, हे आपण वर्गात शिकवतो. तोच हा परिणाम. रक्त शलाकेकडे सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने येत असेल, तर फरक सुमारे २००० हर्ट्झ पडतो. हा फरक मात्र आपल्या कानांना ऐकू येतो! यंत्र तेवढाच ऐकवते. रोहिणीचा आवाज ठोक्याठोक्याने येतो, नीलेचा वाऱ्यासारखा सलग.

शेजारच्या वाहिनीचा आवाज फसवू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेतच योग्य जागी टाका घालून खूण करतात. तेथला आवाज थांबला, की मध्यरात्रीही परिचारिका शल्यविशारदांना बोलावते.