मोकळा श्वास घेणारं हेड

फोर्डच्या मॉडेल टीचं इंजिन २.९ लिटरचं, तरी ताकद जेमतेम २० अश्वशक्ती! खरी अडचण श्वासाची होती. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असल्यानं हवा-पेट्रोलचं मिश्रण वळणं घेत आत शिरे आणि ज्वलनकक्षही पसरट राही. शेवरले बंधूंच्या फ्रंटनॅक या बदली सिलिंडर-हेडनं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागानं, व्हॉल्व्ह थेट सिलिंडरच्या डोक्यावर आणले. वाट सरळ झाली, कॉम्प्रेशनही वाढवता आलं. पण क्रँकशाफ्टला तीनच मेन बेअरिंगं आणि ऑइल पंपच नाही, मग जादा ताकद पेलायची कुणी? आक्षेप रास्त आहे. खालचा भाग मूळचाच ठेवून इंजिन रेटलं, तर क्रँकशाफ्ट तुटू शकतो. वंगणाची नीट सोय केली, तर मात्र हेडचे पैसे वसूल होतात. १९२३ च्या इंडियानापोलिस ५०० मैल शर्यतीत फ्रंटनॅक हेडची फोर्ड पाचवी आली, तीही खास शर्यतीसाठी घडवलेल्या गाड्यांशी झुंजून.