भोपळा, जाकीट आणि पाण्यातील तोल

विहिरीत पोहायला शिकलेल्या आमच्या पिढीतील बहुतेकांच्या पाठीला पहिल्यांदा जे बांधले गेले, तो वाळलेला भोपळा होता, नाही तर झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा. काठावरून कोणीतरी ढकलून द्यायचे, नाकातोंडात दोन घोट पाणी जायचे आणि भोपळा आपल्याला वर काढायचा. पंधरा दिवसांनी भोपळा सुटला की पोहणे आले असे समजले जाई. त्या भोपळ्याने आमच्यावर एक संस्कार मात्र कायमचा केला : पाण्यात जो वर आणतो तो तारणारा, आणि जितक्या जोराने वर आणील तितका तो अधिक चांगला. पोहायला शिकणाऱ्याच्या बाबतीत हा समज खरा आहे. पाण्याखाली श्वास घेत हिंडणाऱ्या पाणबुड्याच्या बाबतीत तो नुसता चूक नव्हे, घातक आहे.

समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या सोलापूरकरांना ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. पण दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मालवण-तारकर्लीकडे जाणाऱ्या गाड्यांतून आपल्याकडची मंडळी काही थोडी नसतात. मालवणचा सागरी परिसर 1987 साली अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेथील खडकांवरचे प्रवाळ पाहण्यासाठी पावसाळ्याचे महिने सोडून लोक पाण्यात उतरतात. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्थाही उभी राहिली. एकदा डुबकी मारून परत येणारे पुष्कळ. पण त्यातील काही तरुण रीतसर शिक्षण घेतात आणि मग स्वतःचे सामान घेण्याचा विचार त्यांच्या डोक्यात येतो. मुखवटा आणि पायातले पर हे घेणे सोपे आहे. जाकिटापाशी आले की गाडी अडते.

हे जाकीट म्हणजे जीवरक्षक जाकीट नव्हे, हे आधी पक्के करून घेऊ. 21 मे 2024 रोजी उजनीच्या जलाशयात कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळात होडी उलटली आणि सहा माणसे बुडाली. अशा प्रवाशाला जे जाकीट हवे, त्याचे काम एकच : माणूस शुद्धीवर असो वा नसो, त्याला पृष्ठभागावर ठेवायचे आणि त्याचे तोंड आकाशाकडे ठेवायचे. पाणबुड्याच्या जाकिटाचे काम त्याहून नाजूक आहे. त्याने माणसाला बुडूही द्यायचे नाही आणि तरंगूही द्यायचे नाही. जेथे असेल तेथे, अधांतरी, तोलून धरायचे. बेशुद्ध माणसाचे तोंड ते वर ठेवीलच याची हमी नाही. एकाच्या जागी दुसरे वापरणे हा जिवाशी खेळ होय.

आता भोपळ्यात आणि जाकिटात खरा फरक कोणता, तो पाहू. पाण्यात बुडालेली वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, त्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर ढकलतो, हा आर्किमिडीजचा नियम शाळेत आपण सर्वांनी पाठ केला आहे. भोपळ्याचे कवच टणक असते. तो हातभर खोल न्या की दोन पुरुष खोल, त्याचे आकारमान तेच राहते, म्हणून त्याचा जोरही तोच राहतो. जाकीट म्हणजे मऊ पिशवी. समुद्रात दर 10 मीटरला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. पृष्ठभागावर 1, 10 मीटरवर 2, 20 मीटरवर 3. समजा, 20 मीटरवर पाणबुड्याने जाकिटात 4 लिटर हवा घेतली आणि तो वर निघाला. 10 मीटरवर येईपर्यंत त्याच हवेचे 6 लिटर होतात, पृष्ठभागाशी 12. म्हणजे 4 किलोचा जोर हां हां म्हणता 12 किलोचा होतो. वर यावे तशी पिशवी फुगते; फुगते म्हणून माणूस आणखी वेगाने वर येतो; वेगाने येतो म्हणून ती आणखी फुगते. उतारावर ब्रेक सुटलेल्या बैलगाडीसारखी ही गत आहे, फक्त उतार वरच्या दिशेने आहे. त्या घाईत माणसाने श्वास रोखून धरला, तर छातीतली हवाही त्याच नियमाने फुगते आणि फुप्फुस फाटते. त्यासाठी फार खोल असावे लागत नाही, दीड-दोन मीटरही पुरतात. मिनिटाला 9 मीटरहून अधिक वेगाने वर येऊ नये, अशी शिकवण आहे.

कुस्तो आणि गान्यां यांनी 1943 साली श्वसनयंत्र सिद्ध केले, तेव्हा असले जाकीट नव्हतेच. कमरेला शिसे बांधून, श्वासाच्या आधारावर ते लोक तोल सांभाळीत. 1961 च्या सुमारास फ्रान्समध्ये फेन्झी या गृहस्थांची गळ्यात घालायची फुगवणी आली. बैलाच्या जोखडासारखी ती मानेत अडके. पुढे तिचेच जाकीट झाले.

मग जाकिटात वर उचलण्याचे बळ किती असावे? दुकानदार मोठा आकडा अभिमानाने सांगतो. आपण हिशेब करून पाहू. नेहमीच्या 11 लिटरच्या टाकीत 200 वातावरणांच्या दाबाने हवा भरली, तर ती सुमारे 2200 लिटर होते, आणि तिचे वजन अडीच किलोहून थोडे अधिक भरते. हवेलाही वजन असते हे आपण विसरतो. डुबकीच्या शेवटी ही हवा बहुतेक संपलेली असते, म्हणून सुरुवातीला तेवढे वजन अंगावर जास्त असणारच. त्यात अंगातला रबरी पोशाख खोल पाण्यात दबतो आणि त्याची तरंगण्याची शक्ती घटते. कोकणच्या कोमट पाण्यात पातळ, 3 मिलिमीटरचा पोशाख पुरतो; त्याची घट दीड-दोन किलोंची धरा. म्हणजे तळाशी चार-साडेचार किलोंची भरपाई झाली की काम भागले. पृष्ठभागावर टाकी भरलेली असताना डोके पाण्याबाहेर ठेवायचे, तर डोक्याचे चार-पाच किलो आणि हवेचे अडीच, मिळून सात-साडेसात. तेव्हा आपल्या समुद्रात एका टाकीने उतरणाऱ्याला 10-12 किलोंचे जाकीट भरपूर झाले. 20 किलोंच्या वरची जाकिटे थंड देशांतल्या जाड पोशाखासाठी आणि दुहेरी टाक्यांसाठी असतात. ती येथे आणून वापरणे म्हणजे पावशेर भाजीसाठी पोते घेऊन बाजारात जाण्यासारखे आहे; आणि त्या पोत्यात हवा कोपऱ्याकोपऱ्याला अडकून बसते, हवी तेव्हा बाहेर निघत नाही.

हिशेबात एक गोष्ट फसवते. शिक्षणाचा आरंभ बहुधा पोहण्याच्या तलावात होतो. तेथे गोड्या पाण्यात जेवढे शिसे बरोबर बसते, तेवढे समुद्रात पुरत नाही. खारे पाणी सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते. सामानासह 90 किलोंच्या माणसाला तेथे दोन किलोंहून थोडे अधिक शिसे लागते. उलट पुष्कळ नवशिके भीतीपोटी नको तितके शिसे बांधतात आणि मग ते तोलण्यासाठी जाकिटात हवा भरतात. जितकी हवा जास्त, तितका वर सांगितलेला धोका जास्त. म्हणून जाकीट निवडण्याआधी आपले शिसे निवडावे. टाकी जवळजवळ रिकामी, जाकीट रिकामे, साधा श्वास घेतलेला, आणि पाणी डोळ्यांच्या रेषेला : एवढे जमले की शिसे बरोबर. श्वास सोडताच हळूहळू खाली गेले पाहिजे.

प्रकार म्हणाल तर मुख्य तीन. पाठ आणि दोन्ही कुशी वेढणारे जाकीट नवशिक्याला सोयीचे. पृष्ठभागावर ते माणसाला उभे ठेवते, पण पूर्ण फुगवले की बरगड्या आवळते. फक्त पाठीवर पिशवी असलेले जाकीट पाण्याखाली माणसाला आडवे, माशासारखे ठेवते आणि छाती मोकळी राहते. मात्र पृष्ठभागावर जास्त फुगवले तर तोंडावर पालथे पाडू पाहते. तिसरा प्रकार धातूच्या पाटीचा : पाठीला पोलादी किंवा ॲल्युमिनियमची पाटी, तिला पट्टे आणि मागे सुटी पिशवी. पोलादी पाटी अडीच-तीन किलोंची असते, तेवढे शिसे कमरेवरून उतरते. पट्टे एकदा अंगाबरोबर जुळवले की ती वर्षानुवर्षे चालते, आणि पिशवी फाटली तर तेवढीच बदलता येते. आमची पसंती विचाराल तर ती तिसऱ्या प्रकाराला आहे. पण वर्षातून दोनदा उतरणाऱ्याने पहिला घेतला तरी आम्ही त्याला हसणार नाही.

प्रकारापेक्षा अंगाला बसणे महत्त्वाचे. आमचेच उदाहरण सांगतो. पहिल्या वेळी भाड्याने घेताना, लहानपणी वाढत्या अंगाचे कपडे शिवीत त्या हिशेबाने, आम्ही एक माप मोठे जाकीट मागून घेतले. पृष्ठभागावर ते फुगवताच ते कानापर्यंत वर चढले आणि आम्ही त्याच्या आत लोंबकळू लागलो. टाकी एका कुशीला गेली. खाली सहा-सात मीटरवर तोल सावरण्यासाठी हातपाय मारता मारता आमचा पायातला पर एका खडकाला घासला आणि प्रवाळाचा बोटभर तुकडा निखळून पडला. तो आम्ही पाहिला. तेवढे वाढायला त्याला किती वर्षे लागली असतील, हे नंतर वाचनात आले तेव्हा मान खाली गेली. दुकानात जाकीट घालून पाहताना टाकी लावूनच पाहावे, पूर्ण फुगवावे आणि कोणाला तरी खांद्याचे पट्टे धरून वर ओढायला सांगावे. हनुवटीपाशी आले तर ते आपले नव्हे. स्त्रियांच्या अंगलटीची जाकिटे निराळी मिळतात, त्यांनी तीच पाहावी.

मग झडपा पाहाव्यात. हवा आत घेण्याचे बटण एक. ते फार हळू भरणारेच बरे. बाहेर सोडण्याच्या झडपा मात्र एकाहून अधिक हव्यात : खांद्याशी एक आणि मागे कमरेशी एक, म्हणजे डोके वर असो वा खाली, हवा सोडता येते. डोळे मिटून प्रत्येक दोरी हाताला सापडते की नाही, ते पाहावे. भरण्याचे बटण आत अडकले तर हवेची नळी एका हाताने सोडवता आली पाहिजे. तोंडाने फुगवण्याची सोय तर हवीच. टाकी संपल्यावर पृष्ठभागावर दुसरे काय कामाला येणार?

कापडाचा आकडा सोलापूरच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही, फक्त एक सावधगिरी. सुताचा काउंट वाढला की सूत बारीक होते, हे मागावर बसलेल्या घरातले पोरही सांगेल. नायलॉनचा आकडा डेनियरचा, आणि तो उलटा चालतो : 9000 मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. तेव्हा 420 चे कापड हलके आणि 1000 चे जाड. खडकांशी घासणार असेल तर जाड घ्यावे, प्रवासाला नेण्यासाठी हलके पुरे.

वर्षातून एकदाच तारकर्लीला जाणाऱ्याने मात्र विकत घेऊच नये. भाड्याचे जाकीट मागून घ्यावे, अंगाला बसवावे, फुगवून अर्धा तास ठेवावे आणि ते ढिले पडते का ते पाहावे. विकत घेतलेच, तर समुद्रातून आल्यावर ते बाहेरून धुणे पुरत नाही. नळीवाटे आत गोडे पाणी घालून, हलवून, कोपऱ्यातल्या झडपेने ओतून काढावे, दोन-तीनदा. आत राहिलेल्या मिठाचे खडे होतात आणि नेमके ते बटणात जाऊन बसतात. नंतर अर्धवट फुगवून सावलीत टांगावे. आपल्याकडच्या मे महिन्यात गच्चीवर किंवा बंद मोटारीत ठेवलेल्या जाकिटाचे शिवणीवरचे रबर लवकर सुटते.